बर्कलीनं नाही म्हटलं, आता कम्युनिटी कॉलेजमार्गे?

तुझी मेल दोनदा वाचली. बारावीला चांगले मार्क, तरी बर्कली आणि यूसीएलए दोन्हीकडून नकार. बाबांनी पुण्यात इंजिनिअरिंगची सीट धरून ठेवलीय. आता एक वर्ष एफई, म्हणजे इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष, करून बर्कलीला ट्रान्स्फर मागायची, की थेट कॅलिफोर्नियातल्या कम्युनिटी कॉलेजला, म्हणजे इथल्या दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजला, यायचं, हा तुझा प्रश्न. मी दुसऱ्या वाटेनं गेलेय. आधी कूपर्टिनोचं डी अँझा कॉलेज, मग बर्कली. त्यामुळे त्या वाटेचं खात्रीनं सांगू शकते.

एफई करून बर्कली हा विचार मात्र सोडून दे. बर्कली, यूसीएलए, डेव्हिस वगैरे सगळे यूसीचे, म्हणजे कॅलिफोर्निया विद्यापीठाचे कॅम्पस. यूसी ट्रान्स्फरवाल्यांना घेते ती तिसऱ्या वर्षाला, आणि त्यात पहिला मान राज्यातल्या कम्युनिटी कॉलेजच्या मुलांचा. राज्याच्या उच्च शिक्षणाच्या १९६० सालच्या मास्टर प्लॅनपासून ही व्यवस्था चालत आलीय. पुण्याच्या एफईतला कुठला विषय बर्कलीच्या कुठल्या विषयाच्या जागी चालेल, याचा तयार तक्ता कुठेही नाही. शिवाय बारावीनंतर एकदा कॉलेजात नाव घातलंस की यूसीच्या लेखी तू फ्रेशमन, म्हणजे थेट पहिल्या वर्षाचा अर्जदार, राहत नाहीस, म्हणजे पुढच्या वर्षी नव्यानं अर्ज करायची सोयही गेली. आणि एफईचे मार्क लपवता येत नाहीत. एटीकेटी लागली तर तीही अर्जात येणार. खाजगी विद्यापीठांचं गणित वेगळं आहे. कॉर्नेल, यूएससी ही बाहेर वर्षभर शिकलेल्यांना बऱ्यापैकी घेतात. स्टॅनफर्ड आणि हार्वर्ड ट्रान्स्फरनं शंभरात एखाद-दुसरा घेतात, त्यांच्या नादी लागू नकोस.

आता कम्युनिटी कॉलेज. इथे ११६ आहेत आणि प्रवेशाला सॅटची परीक्षा लागत नाही. गावातल्या काकांना हे कॉलेज म्हणजे काहीतरी दुय्यम वाटेल, वाटू दे. डिग्रीवर बर्कलीचंच नाव येतं. कुठून आलास ते त्यावर छापत नाहीत.

पण तू मेलमध्ये मेजर, म्हणजे डिग्रीचा मुख्य विषय, लिहिलेलंच नाहीस, आणि सगळं अडतं ते तिथेच. बर्कली किंवा यूसीएलए ट्रान्स्फरच्या साधारण चार अर्जांत एक घेतात असं तू वाचलं असशील. ते खरं आहे, पण ती सगळ्या विषयांची मिळून सरासरी. कॉम्प्युटर सायन्सला हेच प्रमाण एक आकडी टक्क्यांवर येतं. इतिहास, समाजशास्त्र अशा विषयांना ते बरंच चढं असतं. यूसी स्वतःच्या साइटवर मेजरनुसार किती अर्ज आले, किती घेतले आणि घेतलेल्यांचा जीपीए, म्हणजे ग्रेडची सरासरी, काय होता हे देते. ते आधी बघ. आत जाऊन मेजर बदलू, हा बेत करू नकोस. मागणी असलेल्या विषयांत आत गेल्यावर बदल मिळणं फार अवघड झालंय.

मेजर ठरलं की असिस्ट डॉट ऑर्ग ही वेबसाइट उघड. आधी कॉलेज निवड, मग कॅम्पस, मग मेजर. कॉलेजातला कुठला कोर्स विद्यापीठाच्या कुठल्या कोर्सच्या जागी धरतात ते समोरासमोर दिसतं. विद्यापीठाचा कोर्स आहे आणि कॉलेजात त्याला जोडीच नाही, असंही होतं. मग तो शेजारच्या दुसऱ्या कॉलेजात करावा लागतो. कौन्सेलरला भेट जरूर, पण ही यादी स्वतः छापून घेऊन जा. त्यांच्याकडे शेकडो मुलं असतात, तुझं मेजर तुझ्याइतकं कोणाच्या डोक्यात नसणार.

दोन वर्षं हातात आहेत असं सगळे धरून चालतात. तसं नसतं. डी अँझात क्वार्टर, म्हणजे तिमाही, पद्धत आहे, १२ आठवड्यांत विषय संपतो, चौथ्या आठवड्यात पहिली मिडटर्म येऊन ठेपते. कॉलेज सप्टेंबरच्या शेवटी सुरू होतं, आणि यूसीचा अर्ज भरायचा तो पुढच्या वर्षीच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात. म्हणजे अर्जाच्या वेळी तुझ्या खात्यात पहिल्या वर्षाच्याच ग्रेड असतात, फार तर एखादा उन्हाळी कोर्स. त्यानंतरच्या क्वार्टरच्या ग्रेड जानेवारीत कळवाव्या लागतात, निकाल एप्रिलमध्ये. पहिल्याच क्वार्टरला रुळायला वेळ लागला आणि दोन सी आले, तर ते अर्जात ठळक दिसतात. म्हणून सुरुवातीला १२ युनिट्सचेच, म्हणजे तेवढ्याच क्रेडिटचे, कोर्स घे. एफ-१, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर, त्याखाली जाता येत नाही. पण उन्हाळ्यासकट हिशेब आधीच मांडून ठेव, कारण ट्रान्स्फरला ९० क्वार्टर युनिट्स भरावी लागतात.

गणितात तू मागे पडणार नाहीस. आपली मुलं पडतात ती इंग्रजीत. निबंधलेखनाचे दोन कोर्स सक्तीचे आहेत. गाइडमधून उत्तर पाठ केल्यासारखा गुळगुळीत निबंध दिला की प्राध्यापक समासात लिहितात, ‘हे सगळे म्हणतात, तुझं काय?’ आणि हातात बी-मायनस. ऑफिस अवर्सना, म्हणजे प्राध्यापकांच्या भेटीच्या वेळेत, जाऊन बसायची लाज वाटून घेऊ नकोस. ट्रान्स्फरच्या अर्जातही ३५० शब्दांची चार उत्तरं लिहायची असतात, तिथे हीच सवय कामाला येते. यूसी शिफारसपत्रं सहसा मागत नाही, त्यामुळे जे काय आहे ते ग्रेड आणि ही चार उत्तरं.

टॅग नावाची ट्रान्स्फरच्या हमीची सोय आहे. ठरलेले कोर्स आणि ठरलेला जीपीए असेल तर सहा कॅम्पस लेखी हमी देतात: डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सँटा बार्बरा, सँटा क्रूझ. त्यातला एकच निवडायचा, अर्ज सप्टेंबरात. बर्कली, यूसीएलए, सॅन डिएगो यात नाहीत, आणि काही कॅम्पसनी कॉम्प्युटर सायन्ससारखे विषय वगळलेत. तरी भर. डेव्हिसला जावं लागलं तर वाईट वाटेल का, हे स्वतःला विचार. उत्तर ‘हो’ असेल तर येऊच नकोस, कारण हमी फक्त तेवढ्याचीच मिळते.

पैशाचं बाबांना दाखव. डी अँझासारख्या ठिकाणी आपली फी वर्षाला दहा-बारा हजार डॉलर, राहणं-खाणं-विमा त्याच्या दुपटीनं. बहुतेक कम्युनिटी कॉलेजांना हॉस्टेल नसतं, आणि या भागात कुणाच्या घरातल्या एका खोलीचंच भाडं महिन्याला हजार-दीड हजार. पुढची दोन वर्षं यूसीत वर्षाला ८० हजारांच्या आसपास. परदेशी विद्यार्थ्याला जादा फी लागते, २०२५-२६ ला ती एकटीच जवळपास ३७,६०० होती. दोन वर्षं इथे राहिलास म्हणून ती माफ होत नाही. चारही वर्षांचे मिळून दोन कोटी रुपयांच्या आसपास धर. आपल्या सरकारी बँकांत साडेसात लाखांवरच्या कर्जाला सहसा तारण लागतं. तिसऱ्या वर्षाचे पैसे कुठून येणार हे आत्ता कागदावर असू दे. कॅम्पसवर आठवड्याला २० तास काम चालतं, त्यातून किराणा निघेल. बाहेर दुकानात रोखीवर काम करायला कोणी बोलावलं तर जाऊ नकोस, व्हिसाचं स्टेटस जातं.

मुंबईला बीकेसीत अमेरिकन वकिलातीतल्या व्हिसाच्या मुलाखतीत ‘कम्युनिटी कॉलेजच का’ हे विचारतील असं धरून चाल. ‘बर्कलीनं नाकारलं म्हणून’ हे उत्तर नको. मेजर, कोर्सची यादी, पुढचे कॅम्पस, पैसे कोण देणार, हे दोन मिनिटांत सांगता आलं पाहिजे. पुढे बर्कलीला जाताना सेव्हिसमधली, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांच्या अमेरिकन सरकारी यादीतली, तुझी नोंद कॉलेजकडून विद्यापीठाकडे जाते आणि नवा आय-२०, म्हणजे व्हिसासाठी लागणारा प्रवेशाचा दाखला, मिळतो. पासपोर्टावरच्या व्हिशावर जुन्या कॉलेजचं नाव राहिलं तरी मुदत असेपर्यंत तो चालतो.

मेजर ठरवून असिस्टची यादी काढ आणि रविवारी सकाळी नऊला फोन कर, इथे शनिवारची रात्र असते. बाबांनाही जवळ बसव.