लकव्याच्या पेशंटला डायपरमध्ये पातळ संडास, तरी पोट साफ नाही

ताई, वडील लकव्यामुळे तीन आठवडे अंथरुणावर आहेत, सहा दिवस संडास नव्हती आणि कालपासून डायपरला थोडं थोडं पातळ लागतंय म्हणून तुम्ही लॅक्टुलोज (संडास मऊ करणारं पातळ औषध) थांबवलं, असं लिहिलंय. ते जुलाब आहेत असं धरून चालू नका. खाली शीचा कडक खडा अडकला की वरचं पातळ त्याच्या कडेनं झिरपतं. अशा वेळी जुलाब थांबवायची गोळी दिली तर खडा आणखी घट्ट बसतो. आजच नर्सकडून गुदद्वाराची तपासणी करून घ्या.

तपासणीत खडा सापडला आणि डॉक्टरांनी ग्लिसरीनची सपोझिटरी (गुदद्वारात ठेवायची वडी) सांगितली, तर डाव्या कुशीवर झोपवून, गुडघे पोटाकडे घेऊन ती आतड्याच्या भिंतीला टेकेल अशी ठेवायची. खड्यातच रुतवली तर नुसती विरघळून जाते. साधारण १५ ते ३० मिनिटांत कळ येते. बोटानं खडा काढायचा प्रयत्न घरी अजिबात नको. लॅक्टुलोजचा असर यायला एक-दोन दिवस लागतात, म्हणून ते डॉक्टरांनी ठरवलेल्या मापानं रोज द्यायचं औषध आहे, अडल्या दिवशीचं नाही.

मुळात पाणी कमी पडतंय. ठसका लागतो म्हणून तुम्ही दिवसभरात दोनच पेले देता. नागपूरच्या मे महिन्यात कूलर लावूनही एवढ्यानं भागत नाही. हृदय-किडनीमुळे पाण्यावर बंधन नसेल, तर सगळं धरून दीड लिटरच्या आसपास जायला हवं. गिळण्याच्या थेरपिस्टनं सांगितलेल्या घट्टपणाचं, ताठ बसवून, एका वेळी ५०-६० मिली, चमच्याचमच्यानं. कुणी प्रेमानं संत्रं आणलं तरी फोड देऊ नका. तोंडात चोथा राहतो आणि रस आधीच घशात उतरतो. त्यापेक्षा कुस्करलेली पपई चांगली. शेजारच्यांनी सुचवलेला इसबगोल यांना नको: पाणी कमी पडलं की तो घशात नाहीतर आतड्यात गोळा होऊन बसतो. लिक्विड पॅराफिनची औषधंही नकोत, ठसक्याबरोबर तेल फुफ्फुसात जाऊ शकतं.

सकाळचा नाश्ता झाला की आतडं आपणहून हलतं. ही वेळ वाया घालवू नका. २०-३० मिनिटांनी कमोडच्या खुर्चीवर बसवा, पायाखाली लाकडी पाट ठेवा म्हणजे गुडघे कमरेच्या वर येतील. लुळ्या बाजूला उशी लावा. उचलताना तो हात ओढू नका, खांदा निखळतो. दहा मिनिटं पुरेत. एकटं सोडायचं नाही, जोरानं कुंथू द्यायचं नाही, कारण बीपी चढतं. शी झाली नाही तरी उद्या त्याच वेळी पुन्हा. आडपडदा मात्र ओढा. चारचौघांत कुणालाच होत नाही.

नाश्त्याआधी पोट चोळलंत तर मदत होते: उजव्या ओटीपोटापासून वर, बरगड्यांखालून आडवं, मग डावीकडून खाली, दहा मिनिटं.

कॅल्शियम, लोह, ट्रामाडॉल (दुखण्यावरची गोळी) सुरू असेल तर डॉक्टरांना सांगा, यांनीही पोट बांधलं जातं. आणि पोट फुगून टणक झालं, वाराही सरत नाही, उलटी झाली किंवा रक्त दिसलं, तर घरी काहीही न देता मेडिकल, मेयो (नागपुरातली सरकारी रुग्णालयं), जे जवळ पडेल तिथे कॅज्युअल्टीत न्या.