माउस एका क्लिकचे दोन करतोय? फेकू नकोस

आधी तोच माउस दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून बघ. तिथेही एका क्लिकला फाइल उघडत असेल, तर दोष बटणाखालच्या मायक्रोस्विचचा आहे. त्यात तांब्याच्या मिश्रधातूची बारीक वाकलेली पट्टी असते. तिचा ताण कमी झाला किंवा टोक काळं पडलं की ती दाबल्यावर थरथरते, आणि कॉम्प्युटर त्याला दोन क्लिक समजतो.

वायर किंवा सेल काढूनच खोल. स्क्रू बहुतेक वेळा खालच्या गुळगुळीत पट्ट्यांखाली लपलेले असतात. हेअर ड्रायरने जरा गरम केल्या की पट्ट्या न फाटता सुटतात. स्विचच्या बटणाशेजारी आयसोप्रोपिल अल्कोहोलचा (इलेक्ट्रॉनिक भाग साफ करायचं, पटकन उडून जाणारं द्रव) एक थेंब सोड, वीस-तीस वेळा दाब आणि पूर्ण वाळू दे. कधी कधी एवढ्यानेच महिनोन्‌महिने निघतात.

स्विच उघडून पट्टी वाकवायच्या फंदात पहिल्यांदाच पडू नकोस. आतलं तांदळाच्या कणीएवढं प्लास्टिकचं बटण उडालं की सापडत नाही, माझं असंच गेलं. त्यापेक्षा नवा स्विच घे. तीन पाय असतात, त्यांना बोर्डाशी जोडणारा धातू, म्हणजे सोल्डर, सोल्डरिंग आयर्नने वितळवून डिसोल्डरिंग पंपाने ओढून घे. आयर्न एका पायावर दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त टेकवू नकोस, नाहीतर बोर्डावरचा तांब्याचा पत्रा उखडतो.