सांगलीहून स्कूबाला जायचं तर कुठं?

प्रश्न: नमस्कार ताई, आम्ही विश्रामबागला राहतो. मे मध्ये मालवणला स्कूबा केलं पण पाणी एवढं गढूळ की स्वतःचा हात दिसेना, दहा मिनिटात वर काढलं, व्हिडिओ दिला आणि झालं. मन काय भरलं नाही. आता नीट शिकायचंय, जवळ चांगली जागा कुठली? मित्र म्हणतो कृष्णेत सराव होईल, खरं का? आणि सकाळी डाईव्ह करून रात्री घरी येता येईल का?

उत्तर: दादा, कृष्णेत अजिबात नको. भिलवडी, औदुंबरकडच्या मगरी तुम्हाला मी काय सांगायच्या, आणि त्या गाळात शिकणाऱ्याला दिसणार काय? पोहण्याचा सराव स्विमिंग पूलमध्येच करा.

जागा म्हणाल तर परत मालवणच, फक्त महिना बदला. नोव्हेंबर ते फेब्रुवारी पाणी जास्त स्वच्छ असतं, आणि शनिवार-रविवार सोडून जा म्हणजे गर्दीत घाई होणार नाही. तारकर्लीला एमटीडीसीची स्कूबा शिकवणारी संस्था आहे, तिथं शिकण्यासाठी खोल टँक आहे, समुद्रात उतरायच्या आधी मास्कमधलं पाणी काढणं, कानातलं प्रेशर बरोबर करणं हे सगळं टँकमध्ये अंगवळणी पडतं. तुम्ही केलं ते ट्राय डाईव्ह, त्यात पोहता आलं नाही तरी चालतं कारण इन्स्ट्रक्टर धरून असतो. ओपन वॉटर कोर्स म्हणजे डाईव्हिंगचं सर्टिफिकेट देणारा पहिला कोर्स, त्याला मात्र तीन-चार दिवस काढा, 200 मीटर पोहणं आणि 10 मिनिटं तरंगणं जमायला हवं, मग 18 मीटरपर्यंत जाता येतं. सर्दी असेल तर उतरूच नका, कानाची वाट लागते. कोर्स झाला की मग मुरुडेश्वरच्या नेत्राणी बेटावर जा, लांब पडतं पण मला ते मालवणपेक्षा जास्त आवडतं.

आता परत यायचं. हे नीट वाचा कारण आपण घाटावरची माणसं आणि याचा विचार कोणी करत नाही. पाण्याखाली दाबातली हवा घेतली की नायट्रोजन अंगात विरघळतो, तो हळूहळू बाहेर पडायला वेळ लागतो, आणि त्याआधीच उंचीवर गेलात तर हवेचा दाब कमी होऊन सोडा बाटली उघडल्यासारखे बुडबुडे होऊ शकतात. विमानाचं सगळ्यांना माहीत असतं, एका डाईव्हनंतर किमान 12 तास, जास्त डाईव्ह केल्या तर 18 तास थांबायचं, पण हाच नियम साधारण 600 मीटरच्या वर चढतानाही धरतात आणि गगनबावडा काय, आंबोली काय, दोन्ही त्याच्या वरच आहेत. तुमच्या त्या दहा मिनिटांच्या एका डाईव्हलाही 12 तास धरा, आणि कोर्समध्ये तर दिवसाला दोन-दोन डाईव्ह होतात, त्यामुळं त्याच रात्री घाट चढू नका. मुक्काम करा, दुसऱ्या दिवशी दुपारी मासे खाऊन निघा. आणि घाटात सांधे दुखायला लागले, हातापायाला मुंग्या आल्या, तर दमणूक म्हणून झोपू नका, थेट दवाखान्यात जाऊन डाईव्ह केली होती हे डॉक्टरांना आधी सांगा.