विद्यापीठ डिजिटल झाले, असे केव्हा म्हणावे?

प्रवेश आणि शुल्क ऑनलाइन झाले म्हणजे विद्यापीठाचे डिजिटल रूपांतर झाले का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते नाही; अर्ज पडद्यावर भरूनही त्याचीच छापील प्रत सही-शिक्क्यासाठी चार टेबलांवर फिरत असेल, तर कारभार जुनाच राहतो. 1994 साली नांदेडला स्वतंत्र विद्यापीठ झाल्याने परभणी-लातूरकरांचे अंतर कमी झाले. आता हेलपाटाच टळायला हवा. खरा बदल 2021 मध्ये आलेल्या शैक्षणिक क्रेडिट बँकेत दिसतो, कारण तिच्यात क्रेडिट, म्हणजे विषय पूर्ण केल्यावर मिळणारे श्रेयांक, विद्यार्थ्याच्या खात्यावर जमा होतात आणि विद्यापीठ बदलले तरी सोबत जातात. अर्थात, परीक्षा विभागाने हे श्रेयांक वेळेवर चढवले तरच. नाहीतर जिंतूरच्या मुलीला गुणपत्रिकेची फाइल घेऊन पुन्हा एसटी पकडावी लागते.