स्वरचाचणीत नापास झालीस, आता पुढे काय?

प्रिय विद्यार्थिनी,

नाव छापू नका असं तू लिहिलंस, म्हणून ते गाळलंय. इतर वाचणाऱ्यांसाठी तुझं पत्र थोडक्यात सांगते. तू बीएच्या दुसऱ्या वर्षाला आहेस. घर सोलापूरच्या पूर्व भागात, घरात तेलुगू, शाळा मात्र मराठी. वडील यंत्रमागावर, आई बिड्या वळते. आईच्या शेजारी दिवसभर रेडिओ चालू असतो आणि तो ऐकतच तू मोठी झालीस. शहराचे प्रश्न, सण, इथली माणसं यांच्यावर रेडिओवर बोलावं, अशी तुझी इच्छा आहे. एका खासगी वाहिनीच्या स्वरचाचणीला गेलीस, तर ‘तुझ्या मराठीत तेलुगू ऐकू येतं’ असं सांगून त्यांनी परत पाठवलं. वडील म्हणतात, बँकेच्या परीक्षा दे. शेवटी तू विचारलंस, ‘मॅडम, असं काम खरंच असतं का, आणि त्यावर पोट भरतं का?’

असतं. पण निव्वळ त्यावर पहिली काही वर्षं पोट भरणार नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे.

आधी त्या चाचणीचं बोलू, कारण पत्रात तेच सगळ्यात जास्त दुखतंय. मी स्वतः काही वर्षं हंगामी उद्घोषक होते, त्यामुळे यातलं थोडं कळतं. तेलुगू घरातल्या मुलींच्या मराठीत साधारण दोन गोष्टी खटकतात. एक म्हणजे महाप्राण, म्हणजे श्वासाच्या जोराने म्हणायची अक्षरं, हलके पडतात. ‘भाकरी’तला भ आणि ‘धोतर’मधला ध अर्ध्यावरच राहतो. दुसरी गोष्ट लिंगाची. ‘ती आली’ आणि ‘ते आलं’ या दोन्हींसाठी तुझ्या घरात ‘वच्चिंदी’ हे एकच क्रियापद चालतं, म्हणून घाईत बोलताना मराठीत गफलत होते. यात तुझ्या आवाजाचा काही दोष नाही, बुद्धीचा तर नाहीच. तळहात तोंडासमोर धरून ख, घ, ध, भ म्हण. हाताला वाफ लागली पाहिजे. रोज सकाळी वर्तमानपत्रातला एक रकाना मोठ्याने वाच, फोनवर रेकॉर्ड कर आणि संध्याकाळी ऐक. लगेच ऐकू नकोस, लगेच ऐकलं की चुका कानाला लागत नाहीत. चार-सहा महिन्यांत फरक पडतो, मी पडलेला पाहिलाय.

आणि एक लक्षात ठेव. ज्या शहरात मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू एकाच गल्लीत ऐकू येतात, तिथे दोन भाषा घरच्यासारख्या बोलणारी मुलगी ही गरजेची माणूस आहे. साखर पेठेतल्या म्हाताऱ्या विणकराची मुलाखत तू तेलुगूत घेशील आणि मराठीत सांगशील. माझ्यासारखीला ते जमलं नसतं. मराठी स्वच्छ कर, पण तेलुगू लपवू नकोस.

आता कामाचं. तुला वाहिनीवर शहराच्या प्रश्नांवर बोलायचंय, पण आपल्याकडच्या नियमाने खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. 2011 च्या धोरणानुसार आकाशवाणीचं बातमीपत्र जसंच्या तसं लावता येतं, तेवढंच. सामुदायिक रेडिओला, म्हणजे संस्था-विद्यापीठांच्या छोट्या केंद्रांनाही, हेच बंधन आहे. म्हणजे चालू घडामोडींवर थेट काम करायचं तर आज जागा एकच, आकाशवाणी. मात्र याच धोरणात एक मोठी खिडकी उघडी आहे. वाहतूक, हवामान, सण-उत्सव, खेळाच्या स्पर्धा, परीक्षा आणि प्रवेश, नोकरीच्या संधी, वीज-पाणी, आपत्तीचे इशारे ही स्थानिक माहिती बातमीत धरली जात नाही. आपल्या गावात माणसाचं आयुष्य बऱ्याच अंशी या यादीवरच चालतं.

पाण्याचंच घे. उजनी धरणात पाणी असूनही सोलापुरात नळाला ते चार-पाच दिवसांआड येतं, हे तुला मी सांगायला नको. समज, उद्या कचेरीतून कागद आला: ‘तांत्रिक कारणास्तव शहराच्या काही भागांतील पाणीपुरवठा एक रोटेशन पुढे ढकलण्यात आला आहे.’ हे असंच वाचलं तर तुझ्या आईला काय कळणार? काही भाग म्हणजे कुठला भाग? म्हणून तू आधी फोन उचलायचास, पेठांची नावं विचारायचीस, वेळ विचारायची, कारण विचारायचं. मग माईकवर म्हणायचं: ‘विडी घरकुल आणि भवानी पेठ, तुमची पाळी उद्या होती. उद्या पाणी येणार नाही, परवा पहाटे येईल. आज भांडी भरलेली असतील तर जपून वापरा.’ आधी कोणासाठी ते, मग काय झालं ते, मग काय करायचं ते. आणि अर्ध्या तासाने पुन्हा, कारण ऐकणारा रेडिओसमोर कागद-पेन घेऊन बसलेला नसतो. त्या एका फोनमध्ये निम्मी पत्रकारिता आली. तो फोन करायची सवय असलेली मुलं फार थोडी भेटतात. चाचणीला आवाज घेऊन सगळेच येतात.

सप्टेंबर 2025 मध्ये सीना नदीला पूर आला तेव्हा माढा, मोहोळकडे गावंच्या गावं पाण्यात गेली. अशा वेळी कुठला रस्ता बंद आहे आणि जनावरं कुठे न्यायची, हे सांगणारा ओळखीचा आवाज हवा असतो. हे लिहितानाही जीव गलबलतो. रेडिओ संपला म्हणणाऱ्यांना मी इतकंच विचारते, वीज गेली, फोनची रेंज गेली की तुम्ही काय ऐकणार?

सण-संस्कृतीच्या बाजूलाही खूप काही आहे. संक्रांतीला सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत सम्मती कट्ट्यावरचा अक्षता सोहळा, म्हणजे सिद्धेश्वराचं प्रतीकात्मक लग्न, तू लहानपणापासून पाहिला असशील. यंदा तो कानांनी पाहा. सात नंदीध्वज, म्हणजे सजवलेल्या उंच काठ्या, आहेत, त्यांचे मान वेगवेगळ्या समाजांकडे आहेत आणि ते पेलणारी मुलं आधी कितीतरी दिवस सराव करतात. त्यातल्या एकाला विचार, ‘तोल जातोय असं वाटलं तर काय करतोस?’ यात्रेचा इतिहास सगळेच सांगतात, हे उत्तर कोणी विचारत नाही. त्याच्या आदल्या दिवसांत, 12 जानेवारीला, चार हुतात्म्यांचा स्मृतिदिन असतो. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना ब्रिटिशांनी 1931 साली येरवड्यात फाशी दिलं. यातले कुर्बान हुसेन ‘गझनफर’ नावाचं वर्तमानपत्र चालवायचे. तुझ्या वाटेवर तुझ्याच गावचा माणूस तुझ्या कितीतरी आधी चाललाय.

आता वाटा सांगते. आकाशवाणी केंद्र हंगामी उद्घोषकांसाठी अधूनमधून जाहिरात काढतं. लेखी परीक्षा, स्वरचाचणी, मुलाखत, आणि निवड झाली की ‘वाणी’ हा छोटा प्रशिक्षणक्रम. महिन्याला मोजक्याच ड्युट्या मिळतात आणि मानधन ड्युटीवर असतं, ही नोकरी नव्हे. पण शिकायला यासारखी जागा नाही. बातम्यांत जायचं असेल तर पुढे जिल्ह्याचा अंशकालीन वार्ताहर होता येतं, त्यासाठी पत्रकारितेचं शिक्षण आणि अनुभव लागतो. म्हणून बीएनंतर आपल्याच पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर विद्यापीठात जनसंज्ञापनाचं एमए कर. पुण्याला जायची ऐपत असेल तर पत्रकारिता शिकवणारी रानडे इन्स्टिट्यूट आहेच, पण त्यासाठी कर्ज काढू नकोस, असं माझं स्पष्ट मत आहे.

सामुदायिक रेडिओ नुसता ऐकून सोडू नकोस, जाऊन पाहून ये. आपल्या जिल्ह्याला लागून, माण तालुक्यात म्हसवडला ‘माणदेशी तरंग’ आहे. पुणे विद्यापीठाची ‘विद्यावाणी’ आहे. शंभर वॅटचा छोटा ट्रान्समीटर, दहा-पंधरा किलोमीटरचा टापू, आणि निम्मे तरी कार्यक्रम स्वतः केलेले असावे लागतात. अशा ठिकाणी माईक, एडिटिंग, फोन-इन, जाहिरात, सगळं एकाच माणसाला करावं लागतं, म्हणून तिथे महिनाभर राबलेली मुलगी कुठेही उभी राहते. खासगी वाहिन्यांचं दारही बंद धरू नकोस. ऑगस्ट 2024 मध्ये सरकारने 234 नव्या शहरांतल्या वाहिन्यांच्या लिलावाला मंजुरी दिली, त्या यादीत बार्शी आहे. केव्हा सुरू होईल ते होईल.

वडिलांचं म्हणणं मला चूक वाटत नाही. मागावर उभं राहून ज्याने घर चालवलं, त्याला महिन्याच्या पगाराची किंमत आपल्यापेक्षा जास्त कळते. त्यांच्याशी भांडू नकोस, मुदत माग. एमए संपेपर्यंतची. दरम्यान तेलुगू-मराठी भाषांतर आणि जाहिरातींचे आवाज अशी छोटी कामं घे, स्वतःचा फोनचा खर्च तरी स्वतः काढ. पुढे जिल्हा माहिती अधिकारी ही एमपीएससीची वाट आहे. ती वडिलांना समजावून सांग. सरकारी नोकरी आहे, आणि काम लोकांपर्यंत माहिती पोचवण्याचंच.

पहिलं काम या रविवारी कर. आईची पाच मिनिटांची मुलाखत घे. सुपात पानं, तंबाखू आणि दोरा घेऊन ती बसलेली असताना, काम न थांबवता. फोन जमिनीवर ठेवू नकोस, तिच्या तोंडापासून वीतभर लांब धर. बिडी छाटात निघते, म्हणजे नापास करून बाजूला काढली जाते, तेव्हा काय वाटतं, हे विचार आणि गप्प बस. ती थांबली तरी तू बोलू नकोस. कात्रीचा आवाज येऊ दे. ती तेलुगूत बोलली तर बोलू दे, मराठी तू नंतर तुझ्या आवाजात जोड. ऑडासिटी हे आवाज कापायचं-जोडायचं सॉफ्टवेअर कॉम्प्युटरवर फुकट मिळतं, कॉलेजच्या लॅबमध्ये कापाकापी करता येईल. झालं की मला ऐकायला पाठव.

आणि रेकॉर्ड करताना पंखा बंद कर.

तुझी,
मार्गदर्शक