माळ्यावरच्या कॅसेटी आणि पुसलेली गाणी

वाचकांचे प्रश्न

दिवाळीची साफसफाई झाली की माळ्यावरच्या जुन्या कॅसेटींबद्दल पत्रं येतात. या वेळची पत्रं राजापूर, मालवण, हर्णै, गुहागर आणि देवगडहून आलेली आहेत. टीव्हीवर लागलेले गाण्यांचे जुने कार्यक्रम शोधायचे कसे आणि हाती लागले तर करायचं काय, हे त्यांत विचारलं आहे.

प्रश्न : 'छायागीत' असं नाव घातलेल्या सहा व्हीएचएस (व्हिडिओ) कॅसेटी आमच्या घरी आहेत. तारीख एकीवरही नाही. यातला एखादा भाग दूरदर्शनकडेही नसेल, असं होऊ शकतं का? शोध कुठून सुरू करावा? (वाचक, राजापूर)

उत्तर : होऊ शकतं. पण नेमकं काय हरवलं असेल, ते आधी बघा. 'छायागीत'मधली गाणी सिनेमातली. ती त्या त्या सिनेमात आहेतच. हरवण्यासारखं म्हणजे गाण्यांचा क्रम, निवेदन, पाट्या आणि मधल्या जाहिराती. 'शब्दांच्या पलिकडले'सारख्या, गायकाला स्टुडिओत उभं करून चित्रित केलेल्या कार्यक्रमाचं तसं नाही. त्याची टेप पुसली की ते गाणं त्या रूपात कायमचं गेलं. त्या काळी टेप महाग होती आणि पुसून पुन्हा वापरायची रीत जगभरच्या वाहिन्यांत होती. म्हणून कॅसेटीत 'छायागीत'च्या आगेमागे काय सापडतं तेही बघा. खरा ठेवा बरेचदा तिथे असतो.

आता तारीख. मुंबई केंद्र 2 ऑक्टोबर 1972ला सुरू झालं, पण आपल्याकडे घरोघरी व्हीसीआर आले ते 1982च्या आशियाई स्पर्धांनंतर. रंगीत प्रक्षेपणही त्याच वर्षीच्या 15 ऑगस्टपासूनचं. निवेदिका रंगीत दिसत असेल तर रेकॉर्डिंग त्यानंतरचं. गाण्याच्या रंगावरून मात्र काही ठरवू नका, कृष्णधवल सिनेमातली गाणी पुढेही लागत राहिली.

मग भागातला सगळ्यात नवा सिनेमा कोणता ते पाहा. भाग त्या सिनेमाच्या आसपासचा किंवा नंतरचा, ही खालची मर्यादा. वरची मर्यादा जाहिराती देतात : कुठल्या सणाची सवलत, कुठल्या मालाचं नवं वेष्टन. बातम्यांचं एखादं वाक्य राहिलं असेल तर काम पाच मिनिटांचं. आणि 'साप्ताहिकी'चा तुकडा मिळाला तर नशीबच म्हणायचं, कारण त्यात पुढच्या आठवड्याचे कार्यक्रम सांगितलेले असतात. म्हणून रेकॉर्डिंगमधल्या जाहिराती कापून टाकू नका. आपण जे कचरा म्हणून उडवतो, तारीख तिथेच असते.

दोन मर्यादा मिळाल्या की वर्तमानपत्रांकडे वळा. 'महाराष्ट्र टाइम्स' आणि 'लोकसत्ता' दूरदर्शनचे दिवसाचे कार्यक्रम छापत. जुन्या अंकांच्या बांधीव फाइली कुठल्या वर्षांच्या आहेत, हे रत्नागिरीच्या जिल्हा नगर वाचनालयात किंवा दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात फोनवर विचारून मगच निघा. वहीत तारीख, वार, वेळ आणि छापलेलं नाव, हे चारही उतरवा. वार आणि तारीख जुळली नाही तर चूक लगेच पकडता येते. छापलं ते दाखवलंच, असंही धरू नका. 31 ऑक्टोबर 1984ला इंदिरा गांधींची हत्या झाली, त्यानंतरच्या दुखवट्याच्या दिवसांत करमणुकीचे कार्यक्रम बाजूला ठेवले गेले होते. विविध भारतीवर रात्री लागणाऱ्या कार्यक्रमाचं नावही 'छायागीत'च आहे, तेव्हा फाइल चाळताना आपण कुठल्या रकान्यात आहोत ते बघा. या गोंधळात लोकांचे अख्खे दिवस वाया जातात.

शेवटी दूरदर्शन. आधी प्रसार भारतीच्या यूट्यूबवरच्या 'आर्काइव्ह्ज' वाहिनीवर शोधा. तिथे नसेल तर माहितीच्या अधिकाराखाली अर्ज करा. शुल्क 10 रुपये, उत्तराची मुदत 30 दिवस. अर्जात 'हा भाग का जपला नाही' असं विचारलंत तर उत्तर येणार नाही, कारण कायदा असलेली नोंद देतो, कारणमीमांसा देत नाही. 'अमुक तारखेला अमुक वेळी प्रक्षेपित झालेल्या कार्यक्रमाची टेप संग्रहाच्या नोंदवहीत आहे का, असल्यास क्रमांक व कालावधी' इतकंच मागा. एका अर्जात पाचसहा तारखांपेक्षा जास्त घालू नका. कॅसेट लावण्याआधी मात्र खालचं उत्तर वाचा.

प्रश्न : कॅसेटीच्या खिडकीतून टेपच्या कडेवर पांढरी भुकटी दिसते. व्हीसीआर चालू स्थितीत आहे. एकदा लावून बघू का? (वाचिका, मालवण)

उत्तर : नका लावू. ती बुरशी आहे. कॅसेट यंत्रात गेली की बीजाणू हेडवर (टेप वाचणाऱ्या भागावर) आणि टेपच्या वाटेवर बसतात आणि त्यानंतर लावलेल्या प्रत्येक चांगल्या कॅसेटीला लागतात. टेपचे थर बुरशीने एकमेकांना चिकटले असतील तर यंत्राच्या ओढीने टेप फाटते, तेही वेगळं.

हे काम पावसाळ्यात करू नका. दिवाळी ते शिमगा हा किनाऱ्यावरचा कोरडा काळ, त्यात घ्या. आधी कॅसेट घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या (ओल शोषणाऱ्या) दाण्यांसोबत ठेवा. दहा लिटरच्या डब्याला पाव किलो पुरतं. सोबत छोटा हायग्रोमीटर ठेवा आणि आर्द्रता 35 ते 40 टक्क्यांवर आली की तिथे दोन आठवडे राहू द्या. निळे दाणे गुलाबी झाले की ते भरले. ते 120 अंशांवर तापवून पुन्हा वापरता येतात, पण निळ्या दाण्यांत कोबाल्ट असतं, तेव्हा स्वयंपाकाच्या भांड्यात तापवू नका. कॅसेट उन्हात ठेवायची नाही, फ्रिजमध्येही नाही. उन्हाने टेप वाकते आणि फ्रिजमधून बाहेर काढली की तिच्यावर दव धरतं.

वाळली की बुरशी भुकटीसारखी सुटते. ओली असताना पुसली तर फासली जाते, म्हणून ही घाई महागात पडते. काम पडवीत किंवा अंगणात करा, एन-95 मास्क आणि हातमोजे घालून. दम्याचा त्रास असेल तर दुसऱ्या कुणाला सांगा.

उलट्या बाजूचे पाच स्क्रू काढा, दोन्ही अर्धे भाग एकत्र धरून कॅसेट सुलटी करा आणि मगच वरचा भाग उचला. उघडण्याआधी फोटो काढा, दाराची स्प्रिंग उडाली की ती कुठे होती ते आठवत नाही. एखाद्या बिनकामाच्या, स्वच्छ कॅसेटीचं कवच तयार ठेवा, रिळं त्यात हलवायची आहेत. रिळं हाताने हळू फिरवून पाहा. एका जागी थर चिकटलेले वाटले तर थांबा, जोर करू नका. अशी कॅसेट जाणकाराकडेच द्यावी.

मोकळी फिरत असेल तर टेप एका रिळावरून दुसऱ्यावर घेताना धागे न सुटणाऱ्या कोरड्या कापडाच्या घडीतून जाऊ द्या, दोन्ही बाजूंनी. 180 मिनिटांच्या टेपची लांबी सुमारे 258 मीटर असते, तेव्हा कापड वारंवार बदला. काळं झालेलं कापड टेपला ओरखडतं. 99 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल रिळाच्या तबकड्यांना आणि यंत्राला लावा, टेपच्या चुंबकीय बाजूला नाही. औषधाच्या दुकानातलं साधं स्पिरिट नको, त्यात पाणी असतं.

मग एक जुना, गेला तरी चालेल असा व्हीसीआर निवडून लावा. बिघाड ओळखायला एवढं लक्षात ठेवा. आवाजाचा पट्टा टेपच्या वरच्या कडेला असतो आणि चित्र कुठे सुरू होतं ते सांगणारा कंट्रोल ट्रॅक खालच्या कडेला. वरची कड खराब झाली की आवाज बुडतो, खालची झाली की चित्र सरकत राहतं आणि ट्रॅकिंग लागत नाही. आवाज नीट पण पडद्यावर नुसता बर्फ, असं झालं तर हेड चोंदलं आहे. यंत्र बंद करा, अल्कोहोलमध्ये भिजवलेली शामॉय (मऊ चामड्याची) काडी ड्रमला, म्हणजे हेड बसवलेल्या गोल भागाला, आडवी टेकवून ड्रम हाताने फिरवा. काडी खालीवर घासली तर हेडचं टोक तुटतं, आणि ते परत बसत नाही.

आणखी एक. कॅसेटीवर नंतर लग्न किंवा गणपतीचं चित्रीकरण झालेलं असलं तरी ती शेवटपर्यंत पळवून पाहा. वरचं रेकॉर्डिंग संपतं तिथून मूळचा कार्यक्रम पुन्हा दिसू लागतो. त्याआधी व्हीसीआरची निळ्या पडद्याची सोय बंद करा. ती चालू असली की यंत्र क्षीण चित्र झाकून निळा पडदा दाखवतं आणि माणूस 'कोरी आहे' म्हणून कॅसेट बाजूला टाकतो.

प्रश्न : आखातातून आलेल्या जुन्या कॅसेटींत एकीवर 'टॉप ऑफ द पॉप्स, 1968' असं लिहिलं आहे. बीबीसीकडे यातले बरेच भाग नाहीत असं वाचलं. आमच्याकडचा हरवलेला असेल का? (वाचक, हर्णै)

उत्तर : वर्ष बघता शक्यता फार कमी. बीबीसीचा पॉप गाण्यांचा कार्यक्रम 'टॉप ऑफ द पॉप्स' 1 जानेवारी 1964ला मँचेस्टरहून सुरू झाला आणि दर आठवड्याला जुलै 2006पर्यंत चालला. 1976च्या आधीचे बहुतेक भाग बीबीसीने पुसले, त्यानंतरचे जवळपास सगळे आहेत. व्हीएचएस मात्र 1976 साली आलं. तेव्हा 1968च्या भागाचं थेट रेकॉर्डिंग या कॅसेटीवर असूच शकत नाही. असेल तर तो नंतर दाखवलेल्या संकलनाचा तुकडा आणि म्हणजे बीबीसीकडे असलेलाच. वर लिहिलेलं वर्ष गाण्याचंही असू शकतं. कॅसेटीवरच्या चिठ्ठीवर विश्वास ठेवू नका, चिठ्ठ्या उखडतात आणि दुसऱ्याच कॅसेटीवर बसतात.

जे सापडतं ते वेगळ्या वाटांनी. 4 जानेवारी 1973ला दाखवलेलं गायक डेव्हिड बोवी यांचं सादरीकरण पुसलं गेलं होतं. त्या कार्यक्रमाचे एक कॅमेरामन जॉन हेन्शॉल यांनी 2 इंची टेपवर प्रत ठेवली होती, आणि ती 2011 साली पुढे आली. बीटल्सच्या जून 1966च्या सादरीकरणाचा काही सेकंदांचा मूक भाग, कुणीतरी टीव्ही पडद्यावरून 8 मिमी फिल्मवर घेतलेला, 2019मध्ये मिळाला. म्हणून व्हीएचएसपेक्षा जुनं काही असेल ते आधी बघा : 8 मिमी फिल्मचे डबे, टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर ठेवून घेतलेल्या ऑडिओ कॅसेटी. नुसता आवाज असला तरी तो कामाचा आहे.

भाग ताडायला 'बीबीसी जीनोम' बघा. त्यावर 'रेडिओ टाइम्स'मधल्या 1923 ते 2009च्या कार्यक्रमांच्या याद्या आहेत. ही छापील यादी, प्रत्यक्ष प्रक्षेपणाची नोंद बीबीसीच्या, इंग्लंडमधल्या कॅव्हर्शमच्या लिखित संग्रहालयात असते. त्यासाठी तारीख आणि गायकांची नावं दोन्ही देऊन पत्र लिहा.

आखाती कॅसेटींचा वेगळा घोळही आहे. टीव्हीचं चित्र नोंदवायच्या पद्धती देशोदेशी वेगळ्या : पॅल, सेकॅम, एनटीएससी. दुबई, कुवेतची टेप आपल्यासारखी पॅल असते, आपल्या यंत्रावर नीट चालते. सौदी अरेबियाची बरेचदा सेकॅम असते. ती साध्या पॅल यंत्रावर कृष्णधवल दिसते आणि लोक 'कार्यक्रमच जुना आहे' असं समजतात. जपान-अमेरिकेकडून आलेली एनटीएससी टेप पॅल यंत्रावर लावली तर चित्र धावतं आणि तुटतं. बहुपद्धती व्हीसीआरवर पाहिल्याशिवाय काही निष्कर्ष काढू नका.

प्रश्न : डीव्हीडी करून देणारे दुकान आहे. तिथे द्यावं का? (वाचक, गुहागर)

उत्तर : पाहण्यापुरतं ठीक. जपण्यासाठी नाही, कारण डीव्हीडीवर चित्र दाबून बसवलेलं असतं. दुकानदाराला एवढंच सांगा : 720 बाय 576, सेकंदाला 25 फ्रेम, इंटरलेस्ड, एफएफव्ही-1 किंवा हफवाययूव्ही या चित्राचा तपशील न गमावणाऱ्या पद्धतीत. इंटरलेसिंग काढू नये. तासाला 30 ते 40 जीबी लागतात, तेव्हा हार्ड डिस्क तुम्हीच न्या. 'नाही जमत' म्हणाला तर निदान डीव्ही फॉरमॅट मागा, तासाला 13 जीबी. स्वस्तातलं यूएसबी उपकरण फ्रेम सोडतं आणि आवाज मागे पडत जातो. यंत्रात टाइम बेस करेक्टर आहे का, हे विचारून घ्या. जुन्या टेपचं थरथरणारं चित्र तोच सावरतो.

प्रश्न : सापडलेला भाग यूट्यूबवर टाकला तर कायद्याची अडचण येईल का? (वाचिका, देवगड)

उत्तर : येऊ शकते. आपल्या कायद्यात प्रक्षेपकाचा हक्क 25 वर्षांचा असतो, प्रक्षेपणाच्या पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपासून मोजलेला. 1985चं प्रक्षेपण असेल तर तो हक्क 2010च्या अखेरीस संपला. पण सिनेमाचा आणि ध्वनिमुद्रणाचा हक्क 60 वर्षांचा. म्हणजे प्रक्षेपकाचा हक्क संपला तरी त्यातली गाणी मोकळी होत नाहीत. गाण्यांसकट पूर्ण भाग टाकाल तर तो अडवला जाण्याचीच शक्यता जास्त. निवेदनाचे, पाट्यांचे आणि जाहिरातींचे तुकडे टाकायला एवढा धोका नसतो, पण जाहिराती कुणाच्या आहेत तेही बघा. मूळ टेप मात्र कुणालाही, संस्थेलाही, पावतीशिवाय देऊ नका. पावतीवर कॅसेटीवरची नावं, संख्या, परत मिळण्याची तारीख आणि डिजिटल प्रत तुम्हाला मिळेल की नाही हे लिहून घ्या.