गोचीड चावल्यावर हार्ट ब्लॉक: कायमचा पेसमेकर लगेच बसवावा का?

जूनमध्ये कनेक्टिकटच्या जंगलवाटा फिरलात, पुण्यात परतल्यावर तीन आठवड्यांनी भोवळ आली, नाडी ४० निघाली, ईसीजीत हार्ट ब्लॉक, म्हणजे हृदयातला विद्युतसंदेश अडलेला दिसला आणि वयाच्या ३६व्या वर्षी पेसमेकर सुचवलाय. अजून घरीच असाल तर आधी मॉनिटर असलेल्या वॉर्डात भरती व्हा.

मग डॉक्टरांना स्पष्ट सांगा: "मी लाइम या गोचिडीतून होणाऱ्या आजाराच्या भागात फिरून आलोय." कनेक्टिकटमधल्या लाइम गावावरूनच या आजाराचं नाव पडलं. आपल्याकडे गोचीड म्हटलं की सिंधुदुर्गातला माकडताप आठवतो, पण तो विषाणूचा. लाइम बोरेलिया नावाच्या जिवाणूमुळे होतो, म्हणून त्यावर अँटिबायोटिक चालतं. हृदयाला त्रास शंभरात साधारण एकालाच होतो, बहुधा चावल्यापासून महिना-दोन महिन्यांत. वरच्या कप्प्यांतून खाली जाणारा विद्युतसंदेश एव्ही नोडपाशी, म्हणजे मधल्या जोडठिकाणी, सुजेमुळे अडतो.

चावल्याचं आठवत नाही म्हणून ही शंका सोडू नका. पिल्लू-गोचीड खसखशीच्या दाण्याएवढी असते आणि चावताना दुखत नाही. काखेत, जांघेत, गुडघ्यामागे पसरत जाणारा लाल चट्टा येऊन गेला का, आठवून पाहा. तोही प्रत्येकाला येत नाही.

ईसीजीवरचा पीआर इंटरव्हल, म्हणजे संदेशाला वरून खाली पोचायला लागणारा वेळ, विचारा. २०० मिलिसेकंदांपर्यंत नॉर्मल; ३०० मिलिसेकंदांपुढे गेला की काही तासांत पूर्ण ब्लॉक होऊ शकतो. हा ब्लॉक तासातासाला बदलतो, त्यामुळे सकाळच्या बऱ्या ईसीजीवर विसंबून घरी जाऊ नका.

लाइमच्या अँटिबॉडी तपासायला रक्त पाठवायचंच, पण संशय दाट असेल तर रिपोर्टसाठी थांबत नाहीत. सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन हे अँटिबायोटिक २ ग्रॅम शिरेतून रोज एकदा सुरू करतात; पीआर ३००च्या खाली स्थिरावला की डॉक्सिसायक्लिन १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा. एकूण १४ ते २१ दिवस. नाडी फारच घसरली तर तात्पुरता पेसमेकर लावतात, आणि तो लावायला अजिबात कचरू नका.

कायमच्या पेसमेकरचा निर्णय मात्र थांबवायला सांगा. लाइममुळे झालेला पूर्ण ब्लॉक उपचारांनी बहुतेकदा आठवड्याभरात सुटतो. पीआर पूर्ववत व्हायला सहा आठवडेही लागू शकतात. छत्तिशीत बसवलेल्या यंत्राची बॅटरी मात्र पुढे अनेकदा बदलावी लागते. सुट्टीआधी ट्रेडमिल चाचणी करून, नाडी वाढल्यावरही संदेश नीट खाली पोचतोय ना, हे बघून घ्या.

त्या सहलीत सोबत असलेल्या कुणाला नंतर चक्कर, धडधड किंवा धाप जाणवली, तर त्यांचाही ईसीजी त्याच दिवशी काढा.